दोन एमआरआय, दोन आकडे: आईचा हिप्पोकॅम्पस खरंच इतका लहान झालाय का?

तुमचा प्रश्न बराच लांब आहे, म्हणून इतर वाचणाऱ्यांसाठी आधी गोषवारा देते. आई ६८ वर्षांच्या. वर्षभरापासून नावं आठवत नाहीत, तीच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारतात. पहिला एमआरआय नाशिकला, दीड टेस्लाच्या (टेस्ला म्हणजे चुंबकाच्या ताकदीचं माप) मशीनवर, सकाळी झाला. दुसरा नऊ महिन्यांनी पुण्यात, तीन टेस्लाच्या मशीनवर, नाशिकहून प्रवास करून आल्यावर रात्री साडेआठला. पहिल्या रिपोर्टमध्ये ‘वयानुरूप बदल’ असं लिहिलंय, दुसऱ्यात ‘मेंदूची सौम्य झीज’. दोन्हींसोबत सॉफ्टवेअरने काढलेला तक्ता आहे. त्यात दोन्ही बाजूंचे हिप्पोकॅम्पस (स्मरणाशी निगडित भाग) मिळून आधी ६.४० सीसी होते, आता ६.०५ आहेत, आणि पर्सेंटाइल (त्या वयाच्या शंभर जणांच्या रांगेतला नंबर) २८ वरून १२ वर आलंय. तुम्ही विचारताय की नऊ महिन्यांत साडेपाच टक्के गेले म्हणजे अल्झायमर्स झपाट्याने वाढतोय का, आणि खात्रीसाठी लगेच तिसरा स्कॅन करावा का.

तिसरा स्कॅन आत्ता नको. आणि या दोन आकड्यांच्या वजाबाकीवरून आजार वाढतोय की नाही हे सांगता येत नाही. आईंना काही झालेलं नाही, असा याचा अर्थ मात्र काढू नका. त्यांच्या विसरण्याबद्दल शेवटी लिहिते.

मी न्यूरोरेडिओलॉजी करते, आणि मेंदूचं आकारमान मोजणाऱ्या संशोधन प्रकल्पांसाठी आलेले स्कॅन तपासण्याचं कामही बराच काळ केलं आहे. ‘मोजणीत थोडं इकडेतिकडे होणारच’ असं सगळेच म्हणतात, पण तेवढ्याने तुमची काळजी मिटणार नाही. किती होतं आणि कुठल्या दिशेने होतं, हे बघायला हवं.

आधी आजाराचा वेग बघू. निरोगी वृद्धांचाही हिप्पोकॅम्पस दर वर्षी थोडा कमी होतो. २००९ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून काढलेली सरासरी निरोगी माणसांत वर्षाला १.४१ टक्के आणि अल्झायमर्सच्या रुग्णांत ४.६६ टक्के अशी होती. नऊ महिन्यांचा हिशेब केला तर साधारण १ आणि साडेतीन टक्के. तुमच्या तक्त्यात साडेपाच आहेत. आजाराच्या सरासरी वेगापेक्षाही जास्त घट दिसली, त्यात मधल्या काळात मशीन बदललेलं असलं, की मला पहिली शंका मापाची येते. हेच साडेपाच टक्के एकाच मशीनवर, एकाच पद्धतीने घेतलेल्या स्कॅनमध्ये दिसले असते, तर मी आजच न्यूरोलॉजिस्टला फोन केला असता.

हिप्पोकॅम्पस मोजायला इतका अडचणीचा का, हे कागदावर करून बघा. एका बाजूचा हिप्पोकॅम्पस सुमारे ३ सीसीचा, लांबट आणि वळलेला. सोयीसाठी तो ४ सेंटिमीटर लांबीची नळी आहे असं धरा. मग तिची त्रिज्या येते जेमतेम ५ मिलिमीटर आणि पृष्ठभाग सुमारे १४०० चौरस मिलिमीटर. स्कॅन १ मिलिमीटरच्या चौकोनी ठोकळ्यांचा असतो. म्हणजे ३००० ठोकळ्यांपैकी जवळपास निम्मे कडेचे, ज्यांत थोडा हिप्पोकॅम्पस, थोडं पाणी, थोडं पांढरं द्रव्य असं मिसळलेलं असतं. आता सॉफ्टवेअरने ही कड सगळीकडे सरासरी एक दशांश मिलिमीटर आत आखली तर काय होईल? १४० घन मिलिमीटर गेले, म्हणजे साडेचार टक्क्यांच्या वर. अल्झायमर्सची वर्षभराची झीज आणि कड आखण्यातली एक दशांश मिलिमीटरची सरक, दोन्ही सारख्याच मापाच्या आहेत. खरा हिप्पोकॅम्पस नळीपेक्षा जास्त घडीदार असतो, त्यामुळे प्रत्यक्षात हिशेब याहून वाईटच. शिवाय पुढच्या टोकाला तो अमिग्डाला या मेंदूच्या शेजारच्या भागाला चिकटलेला असतो आणि तिथे दोघांमधली सीमा चित्रात धड दिसतही नाही. तिथे सॉफ्टवेअर आधीच्या नमुन्यांवरून अंदाज बांधतं.

आता तुमच्या तक्त्यातली एक ओळ घेऊ. तुम्ही पाठवलेल्या फोटोत ती आहे, पण प्रश्नात तुम्ही तिचा उल्लेख केलेला नाही: कवटीच्या आतलं एकूण आकारमान. पहिल्या स्कॅनमध्ये १३९८ सीसी, दुसऱ्यात १३५२ सीसी. आईंची कवटी नऊ महिन्यांत ४६ सीसीने आक्रसलेली नाही, हे तर नक्की. मेंदू कितीही झिजला तरी ही जागा तेवढीच राहते, झिजलेल्या भागाची जागा पाणी घेतं. म्हणून कुठलाही आकारमानाचा तक्ता हातात आला की मी हीच ओळ सगळ्यात आधी वाचते. ती जुळत नसेल तर खालच्या ओळींची सरळ वजाबाकी करण्यात अर्थ नसतो.

४६ सीसी म्हणजे ३.३ टक्के. आकारमानात ३.३ टक्के फरक पडायला लांबी, रुंदी आणि उंची प्रत्येकी १.१ टक्क्याने चुकली तरी पुरते. एमआरआयमध्ये फूटपट्टी नसते. ग्रेडियंट कॉइल चुंबकीय क्षेत्राला उतार देतात आणि त्या उतारावरून मशीन अंतर ओळखतं. उतार किंचित कमीजास्त असला की अख्खं चित्र त्या प्रमाणात लहान किंवा मोठं येतं. शिवाय मशीनच्या मध्यापासून दूर गेलं की उतार सरळ राहत नाही. ती वक्रता सुधारणारी सोय मशीनमध्ये असते, पण ती चालू होती का, आणि तिन्ही दिशांना लावली होती का, हे सेंटरप्रमाणे आणि प्रोटोकॉलप्रमाणे बदलतं. यात कोणी हलगर्जीपणा केला असं समजू नका. अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजीच्या प्रसिद्ध चाचणीत १९० मिलिमीटर व्यासाच्या फँटमवर (मशीन तपासायला ठेवतात त्या ठरलेल्या मापाच्या वस्तूवर) २ मिलिमीटरपर्यंतचा फरक वर्षानुवर्षं चालवून घेतला गेला आहे. ते एक टक्क्याहून थोडं जास्तच झालं. गाठ, रक्तस्राव, पक्षाघात शोधायला एवढी अचूकता भरपूर आहे. झीज टक्क्यांत मोजायला ती अपुरी पडते. याच कारणाने २००४ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या एडनी या अल्झायमर्सच्या मोठ्या अभ्यासात कॉपर सल्फेटच्या द्रावणाने भरलेल्या गोळ्यांचं खास फँटम बनवलं होतं, केवळ प्रत्येक केंद्राच्या मशीनचं माप तपासायला. आपल्याकडच्या रोजच्या सेंटरमध्ये संध्याकाळपर्यंत रांग असते, तिथे कोणी ही अपेक्षा करू नये.

मग दोन्ही हिप्पोकॅम्पस कवटीच्या प्रमाणात मांडले तर? ६.४० भागिले १३९८, म्हणजे ०.४५८ टक्के. ६.०५ भागिले १३५२, म्हणजे ०.४४७ टक्के. घट उरली सव्वादोन टक्के. निरोगी माणसाचा नऊ महिन्यांचा १ टक्का आणि अल्झायमर्सचे साडेतीन, यांच्या अगदी मधोमध. एकाच माणसाला त्याच मशीनवर टेबलावरून उतरवून पुन्हा झोपवलं तरी अशा मोजणीत एकदोन टक्के फरक सहज पडतो. म्हणून या सव्वादोनवरून मी कुठल्याच बाजूने बोलणार नाही. आणि हा भागाकारही पवित्र मानू नका: कवटीचं आकारमानही सॉफ्टवेअरच काढतं, त्यातही चूक असते, आणि दीड व तीन टेस्लावर ती वेगवेगळी असू शकते.

दीड आणि तीन टेस्लाचा फरक फक्त ‘चित्र जास्त स्पष्ट’ एवढाच नाही. चुंबक दुप्पट ताकदीचा झाला की ऊतींचा टी-वन हा गुणधर्म बदलतो, करड्या आणि पांढऱ्या द्रव्यातला उजेड-अंधाराचा फरक बदलतो, आणि त्याच फरकावरून सॉफ्टवेअर कड ठरवतं. तीन टेस्लावर रेडिओलहरी डोक्यात सारख्या पसरत नाहीत. मधला भाग उजळ येतो, टेम्पोरल लोबकडे थोडा अंधार होतो, आणि हिप्पोकॅम्पस नेमका टेम्पोरल लोबमध्ये. हा असमान उजेड सॉफ्टवेअर सपाट करतं, पण पुरता नाही. डोक्याची कॉइल, स्कॅन किती वेगात उरकला, चित्रातला गोंगाट पुसणारी नवी एआय पद्धत वापरली का, या सगळ्यांनी कडा थोड्याथोड्या सरकतात.

आईंची बाजूही बघायला हवी. तुम्ही लिहिलंय की दुसऱ्या स्कॅनच्या वेळी त्या घाबरल्या होत्या आणि ‘हलू नका’ असं माइकवरून दोनदा सांगावं लागलं. ही माहिती माझ्या दृष्टीने पर्सेंटाइलपेक्षा मोलाची आहे. आकारमानासाठी जो थ्री-डी टी-वन स्कॅन लागतो तो चारपाच मिनिटांचा असतो, आणि त्या अख्ख्या वेळातली हालचाल एकाच चित्रात उतरते. नुसत्या डोळ्यांना चित्र ठीक वाटतं, पण करड्या द्रव्याची कड पुसट होते आणि सॉफ्टवेअर ते द्रव्य कमी मोजतं. म्हणजे ही चूक दोन्ही बाजूंना झुलणारी नाही, ती झीज जास्त दाखवण्याकडे झुकते. शिवाय ज्यांना विसरायला होतं, गोंधळायला होतं, तेच नळकांड्यात जास्त हलतात. आजाराचा वेग फुगवून दाखवणारी याहून सोयीची चूक मला माहीत नाही.

प्रवासाचं विचारायचं राहिलं. लांबच्या प्रवासात वाटेत नीट स्वच्छतागृह मिळत नाही म्हणून आपल्याकडच्या बायका दिवसभर पाणीच पीत नाहीत. तुमच्या आईंनीही तेच केलं असेल, असा माझा अंदाज आहे. जर्मनीतल्या एका गटाने २००५ मध्ये दाखवलं की १६ तास पाणी न पिता राहिलेल्या निरोगी माणसांचा मेंदू सरासरी ०.५५ टक्क्याने लहान मोजला गेला आणि पाणी प्यायल्यावर परत भरला. दिवसाच्या वेळेचाही थोडा परिणाम असतो, संध्याकाळी मेंदू सकाळपेक्षा किंचित कमी भरतो. अर्धा टक्का ऐकायला किरकोळ वाटतो, पण निरोगी वृद्धांचा अख्खा मेंदू वर्षभरात जेवढा झिजतो त्याच घरातला हा आकडा आहे. मधल्या काळात त्यांना दम्यासाठी किंवा संधिवातासाठी स्टेरॉइडच्या गोळ्या चालू झाल्या असतील तर तेही सांगा. त्यांनीही मेंदूचं आकारमान तात्पुरतं उतरू शकतं.

इथपर्यंतचा हिशेब असा: मशीनचं माप, चित्राचा उजेड, हालचाल आणि, माझा अंदाज बरोबर असेल तर, पाणी, या चारही गोष्टी तुमच्या दोन स्कॅनमध्ये वेगवेगळ्या होत्या. त्यांतल्या निदान दोन, म्हणजे हालचाल आणि पाणी, दुसरा आकडा खाली ओढणाऱ्याच आहेत.

आता सॉफ्टवेअर. दोन्ही तक्त्यांच्या तळाशी नाव एकच आहे, पण बारीक अक्षरांत छापलेली आवृत्ती वेगळी आहे. हे दुर्लक्ष करण्यासारखं नाही. संशोधनात सर्रास वापरल्या जाणाऱ्या फ्रीसर्फर या सॉफ्टवेअरची २०१२ मध्ये नेदरलँड्समधल्या एका गटाने तपासणी केली. तेच स्कॅन, फक्त आवृत्ती बदलली, आणि मेंदूच्या भागांच्या आकारमानात सरासरी ८.८ टक्के फरक पडला. काँप्युटर आणि त्याची ऑपरेटिंग सिस्टिम बदलल्यावरही फरक आला, सुमारे निम्मा. तुमच्या सेंटरचं सॉफ्टवेअर वेगळं आहे, त्याचा आकडा वेगळा असेल. पण आवृत्ती बदलून काढलेल्या दोन तक्त्यांची तुलना मी तरी करत नाही.

पर्सेंटाइलची घसरण मनाला जास्त लागते, म्हणून त्याबद्दल सांगते. २८ वरून १२ म्हणजे निम्म्याहून खाली आल्यासारखं वाटतं. पण त्या वयाच्या निरोगी माणसांतही हिप्पोकॅम्पसचा आकार बराच कमीजास्त असतो, आणि मधल्या पट्ट्यात माणसं दाटीने असतात. तिथे पाच टक्क्यांनी इकडचं तिकडे झालं की रांगेतले पंधरावीस नंबर एकदम बदलतात. दुसरं, ही रांग कोणाची? अशा सॉफ्टवेअरमधले नमुने बहुतांशी अमेरिका-युरोपातल्या लोकांचे असतात. आपल्याकडे हैदराबादच्या ट्रिपल आयटीने २०१९ मध्ये १०० जणांच्या स्कॅनवरून भारतीय मेंदूचा नकाशा तयार केला. त्यात भारतीय मेंदू लांबी, रुंदी, उंचीत पाश्चात्त्य मेंदूपेक्षा सरासरीने लहान निघाला. बंगळुरूच्या निम्हान्सनेही २०२० मध्ये भारतीयांसाठी नमुने काढले, ६ ते ६० वयोगटाचे. तुमच्या आई ६८ च्या. त्यांच्या वयाच्या भारतीय बायकांची भरवशाची रांग बहुतेक सेंटरच्या सॉफ्टवेअरमध्ये नसते, आणि तरीही तक्त्यात पर्सेंटाइल दोन अंकांपर्यंत ठासून छापलेलं असतं. मला हे छापणंच फारसं पटत नाही.

‘वयानुरूप’ आणि ‘सौम्य झीज’ या शब्दांतल्या फरकावर मात्र फार वेळ घालवू नका. दोन रेडिओलॉजिस्ट एकाच फिल्मबद्दल असं वेगवेगळं लिहू शकतात. टेम्पोरल लोबच्या झिजेसाठी १९९२ पासून ० ते ४ अशी शेल्टन्सची श्रेणी वापरली जाते, आणि तिच्यातही एका पायरीचा मतभेद नेहमीचा. स्कॅनला पाठवणाऱ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर काय लिहिलंय याचाही परिणाम होतो. पहिल्या वेळी ‘चक्कर, डोकेदुखी’ लिहिलं होतं, दुसऱ्या वेळी ‘विस्मरण, अल्झायमर्स?’ असं. दुसरी चिठ्ठी वाचणारा हिप्पोकॅम्पसकडे आधी बघणार, आणि बघायलाच हवं. रिपोर्टमध्ये मेंदूतले पांढरे ठिपके ‘काही’चे ‘अनेक’ झाले, त्याचंही मुख्य कारण तीन टेस्ला आणि पातळ काप हेच असावं. दोन्ही रिपोर्टमध्ये त्यांची श्रेणी फाझेकास १, म्हणजे सौम्यच आहे. मला दोन्ही रिपोर्टमधली वेगळीच ओळ महत्त्वाची वाटली: गाठ नाही, जुना पक्षाघात नाही, कवटीखाली रक्त साचलेलं नाही, मेंदूत पाणी साठलेलं नाही. विस्मरणात एमआरआयचं पहिलं काम हेच असतं, आणि यावर दोन्ही सेंटर एकमताने बोलतायत.

तुमच्या प्रश्नाखाली एका वाचकाने सुचवलंय की दोन मशीनमधला फरक काढून टाकणारी सांख्यिकी पद्धत वापरा. अशा पद्धती आहेत, काँबॅट ही त्यांतली प्रसिद्ध, पण त्यांना प्रत्येक मशीनवरच्या अनेक माणसांचे स्कॅन लागतात. हजार माणसांच्या अभ्यासात त्या उपयोगी पडतात, एका आईसाठी नाही.

आता करायचं काय. दोन्ही सेंटरमधून मूळ डायकॉम फाइल्स (मशीनमधून निघालेला स्कॅन जसाच्या तसा) घ्या. फिल्म नको, मोबाइलवर आलेले जेपीजी नकोत. सीडी कधीही दगा देऊ शकते, म्हणून सगळं फोल्डर पेनड्राइव्हवर आणि घरच्या काँप्युटरवर उतरवून ठेवा. मग एकाच रेडिओलॉजिस्टला दोन्ही स्कॅन शेजारी शेजारी लावून, हिप्पोकॅम्पसच्या लांबीला काटकोनात घेतलेल्या (कोरोनल) छेदात बघायला सांगा. पुण्याच्या सेंटरला विनंती करा की नाशिकचा स्कॅनही त्यांच्या आवृत्तीतून पुन्हा चालवा. नाशिकला थ्री-डी टी-वन घेतला होता म्हणून ते शक्य आहे. नुसते पाच मिलिमीटरचे जाड काप असते तर नसतं. यातून मशीनचा फरक जाणार नाही, पण सॉफ्टवेअरचा जाईल.

आणि न्यूरोलॉजिस्टकडे जायला आकड्यांची वाट बघू नका. बी-१२ आणि थायरॉईडची तपासणी, झोप, ऐकू येणं, मन खचलेलं असणं, झोपेच्या किंवा ॲलर्जीच्या गोळ्या, हे सगळं आधी बघितलं जातं आणि यातलं बरंच सुधारण्यासारखं असतं. जाताना तक्त्याऐवजी एक कागद न्या: आई पैशांचा हिशेब पूर्वीसारखा करतात का, रोजच्या स्वयंपाकातलं काही चुकतं का, ओळखीच्या रस्त्यावर गोंधळतात का, आणि हे केव्हापासून. आईंसोबत राहणाऱ्या माणसाने लिहिलेला असा कागद आणि समोर बसून घेतलेली स्मरणाची चाचणी, यांवर माझ्या ओळखीचे न्यूरोलॉजिस्ट सव्वादोन टक्क्यांपेक्षा कितीतरी जास्त विसंबतात. रोजच्या कामांत स्पष्ट उतार दिसत असेल तर स्कॅनचे आकडे निर्दोष असले तरी तो उतारच खरा.

पुढचा स्कॅन न्यूरोलॉजिस्टने सांगितलाच, तर पुण्याच्या स्कॅननंतर साधारण वर्षाने, त्याच सेंटरमध्ये, त्याच मशीनवर करा. तीन टेस्लाच हवा असा आग्रह नाही; आई नाशिकलाच राहणार असतील आणि प्रवास त्यांना झेपत नसेल तर नाशिकचं दीड टेस्ला उत्तम, तुलना मग पहिल्या स्कॅनशी करायची. सकाळची वेळ घ्या, आदल्या रात्री मुक्कामाला पोचा, आणि कॉन्ट्रास्टसाठी (शिरेतून देतात त्या औषधासाठी) उपाशी राहायला सांगितलं नसेल तर नेहमीसारखं पाणी पिऊ द्या. केसांतल्या पिना घरीच काढा. चिठ्ठीवर डॉक्टरांकडून एवढं लिहून घ्या: ‘आधीच्या स्कॅनचाच प्रोटोकॉल वापरावा, थ्री-डी टी-वन १ मिलिमीटर, हालचाल झाल्यास तो भाग पुन्हा घ्यावा.’ टेक्निशियनला तोंडीही सांगा की आई घाबरतात, आणि तो टी-वन सगळ्यात आधी घ्या. शेवटी शेवटी त्या थकतात आणि मग हलतात.